रंग वरच्या थरातच बरा

जानेवारी ते मार्च हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या व्यायामशाळांमध्ये स्पर्धांचा हंगाम. ‘ठाणे श्री’, ‘मुंबई श्री’, ‘महाराष्ट्र श्री’ अशा शरीरसौष्ठव स्पर्धांसाठी मुले वर्षभर घाम गाळतात आणि शेवटच्या दोन दिवसांत स्वतःला रंगवून घेतात. मंचावरच्या प्रखर दिव्यांत उजळ अंगावरचे स्नायूंचे चढउतार पुसट दिसतात, काळसर तपकिरी अंगावर ते रेखीव उठतात. म्हणून अंगावरचे केस काढायचे, अंग घासायचे आणि मग एकामागून एक टॅनचे हात मारायचे. पाठीवर आपला हात पोहोचत नाही, तेव्हा ते काम जोडीदाराकडे. हंगाम लग्नाचाही असतो. त्यामुळे त्याच रस्त्यावर, व्यायामशाळेपासून चार दुकाने सोडून असलेल्या ब्युटी पार्लरच्या पाटीवर ‘डी-टॅन’चे दर लिहिलेले असतात. एकीकडे रंग चढवायची घाई, दुसरीकडे उतरवायची. दोन्हीकडे हातात असते एक ट्यूब किंवा बाटली, आणि तिच्यावर बारीक अक्षरांत छापलेले कुणी वाचलेले नसते.

त्या बाटलीत काय आहे आणि ते कातडीच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचते, एवढे कळले तर निवड सोपी होते.

कातडीचा सर्वात वरचा थर मृत पेशींचा असतो. केसाच्या जाडीहूनही पातळ. या पेशी खालून वर येतात, वाळतात, काही दिवस तिथे राहतात आणि अंघोळीच्या वेळी, टॉवेलने पुसताना, कपड्यांच्या घर्षणाने गळून जातात. खालच्या जिवंत पेशीला जन्मल्यापासून गळून जाईपर्यंत साधारण महिना लागतो. रंग तयार करणाऱ्या पेशी या जिवंत थराच्या तळाशी असतात. त्या मेलॅनिन बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटतात. ते मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे बसते आणि आतल्या गुणसूत्रांना अतिनील किरणांपासून आडोसा देते. ऊन लागले की कातडी काळवंडते ती याच कामामुळे. उन्हाने इजा झाली, म्हणून पेशींनी टोप्या वाढवल्या. टॅन ही त्या इजेची नोंद असते. ‘छान टॅन आला’ म्हणजे इजा झाली आणि शरीराने तिची दखल घेतली, एवढाच त्याचा वैद्यकीय अर्थ.

आता मेंदी आठवा. मेंदीतले रंगद्रव्य हाताच्या वरच्या मृत थराला धरते, खाली उतरत नाही. म्हणून ती आठवडा-दोन आठवड्यांत फिकी पडत जाते आणि तळहातावर, जिथे हा थर जाड, तिथेच सर्वात गडद रंगते. बाटलीतला टॅनही नेमका असाच वागतो. (बाजारात मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’ची गोष्ट वेगळी. तिच्यात अनेकदा केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते आणि त्याने हातावर नक्षीच्याच आकाराचे फोड आलेले दिसतात.)

टॅनिंग लोशनमधला मुख्य घटक डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोन. नाव लांबलचक असले तरी वस्तू साधी आहे: तीन कार्बनची एक साखर. तिचा शोध रंगाच्या शोधात लागला नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी येथे इव्हा विटगेनस्टाईन या संशोधक साखरेच्या साठवणीच्या आजाराने ग्रस्त मुलांना हे द्रव्य तोंडाने देऊन पाहत होत्या. मुलांच्या तोंडून ते अंगावर सांडे. कपड्यांना डाग पडत नसे, कातडी मात्र काही तासांत तपकिरी होई. त्यांनी ते स्वतःच्या अंगावर लावून पाहिले आणि तसेच झाले. पुढे सौंदर्यप्रसाधनवाल्यांनी ते उचलले.

हा रंग चढतो कसा, याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. तव्यावर पोळी भाजताना तिच्यावर तपकिरी डाग पडतात, पावाची पाठ खरपूस होते, कांदा परतताना बदामी होतो. साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र आले की होणारी ही अभिक्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केली. लोशनमधली साखर आणि मृत पेशींमधील प्रथिने यांच्यात तेच होते, फक्त विस्तवाशिवाय आणि सावकाश. दोन-चार तासांत रंग दिसू लागतो, एक-दोन दिवसांत पूर्ण चढतो आणि त्या पेशी जसजशा गळतात तसतसा आठवडाभरात उतरतो. लावल्यावर येणारा भाजल्या बिस्किटासारखा वासही त्याच अभिक्रियेचा.

यावरून वापराच्या बहुतेक सूचना आपोआप निघतात. कोपर, गुडघे, घोटे, टाचा यांवरचा मृत थर जाड, म्हणून तिथे रंग जास्त धरतो आणि काळे ठिपके उठतात. लोशन लावण्याआधी तिथे थोडे व्हॅसलिन किंवा साधे मॉइश्चरायझर चोळून ठेवावे. तळहात लगेच साबणाने धुवावेत, नाहीतर हात गाजर किसल्यासारखे दिसतात. अंग आदल्या दिवशी घासून घ्यावे. त्याच दिवशी, आणि विशेषतः त्याच दिवशी रेझर फिरवून, लोशन लावू नये. रेझरने पडलेल्या बारीक चिरांमधून ते खालच्या थरात जाते आणि आग होते. स्पर्धकांच्या छातीवर आणि मांड्यांवर बारीक पुटकुळ्या येतात त्यांचे कारण बहुधा हे असते, लोशनचा ब्रँड नव्हे.

आपल्या हवेची एक वेगळी अडचण आहे. कल्याण-डोंबिवलीच्या दमटपणात, तेही पंखा बंद असलेल्या मेकअपच्या खोलीत, घाम आला की लोशन ओघळते आणि पाठीवर पन्हळी पडतात. ते रात्री, अंग पूर्ण कोरडे असताना, पंख्याखाली लावावे आणि वाळेपर्यंत सैल, जुने कपडे घालावेत. उष्णतेने हे द्रव्य बाटलीतच बिघडते, त्यामुळे उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेली किंवा गेल्या हंगामातली अर्धी उरलेली बाटली नीट रंग देत नाही. मग मुले दुप्पट हात मारतात.

निवडताना पाहायचे ते इतकेच. बाटलीवर घटकांची पूर्ण यादी, उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत हवी. आयात केलेली असेल तर आयात नोंदणीचा क्रमांक. डायहायड्रॉक्सीअ‍ॅसिटोनचे प्रमाण साध्या लोशनमध्ये तीन ते पाच टक्के असते, व्यावसायिक फवाऱ्यांत ते बरेच जास्त असू शकते. युरोपीय संघाने स्वयं-टॅनिंग प्रसाधनांसाठी १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ज्या बाटलीवर टक्केवारीच नाही, ती स्पर्धेच्या आदल्या रात्री पहिल्यांदा उघडू नये. आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस पाहावे. खाज आली तर ती बहुतेक वेळा त्यातल्या सुगंधी द्रव्याची किंवा ते टिकावे म्हणून घातलेल्या रसायनाची असते. दमा असलेल्यांनी फवाऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या द्रव्याला परवानगी दिली ती फक्त बाहेरून लावण्यासाठी. ओठ, डोळे, नाकाच्या आतली त्वचा यांना ते लागू नये आणि श्वासातून आत जाऊ नये, असे तेच प्रशासन सांगते. बंद खोलीत चौघे जण एकमेकांवर फवारा मारतात तेव्हा नेमके ते घडते. फवाराच हवा असेल तर डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, ओठांवर व्हॅसलिन आणि उघडी खिडकी.

काही बाटल्यांवर ‘ब्रॉन्झर’ लिहिलेले असते. त्यात लोहाचे ऑक्साईड, जळकी साखर असे रंग असतात. तो निव्वळ मेकअप, पाण्याने धुऊन जातो. मंचावर एका रात्रीपुरता रंग हवा असेल तर तो सर्वात निरुपद्रवी, फक्त घामाने अंतर्वस्त्रांचा सत्यानाश होतो. दोन्ही एकत्र असलेली प्रसाधनेही मिळतात.

एक गैरसमज मात्र जिद्दीने टिकून आहे: टॅन चढवला की ऊन बाधत नाही. लोशनच्या रंगाने उन्हापासून मिळणारे संरक्षण नगण्य आहे. खऱ्या, उन्हाने आलेल्या टॅनचेही तीन-चार एसपीएफच्या पलीकडे जात नाही. उलट लोशन लावल्यावर पहिले २४ तास उन्हात कातडीत घातक मुक्तकण जास्त तयार होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्या दिवशी छत्री घ्यावी.

इथवरचे सारे वरच्या थरातले. आता खाली उतरणाऱ्या गोष्टी.

परदेशांत ‘इनडोअर टॅनिंग लोशन’ या नावाने जे विकले जाते ते वेगळे. ते अतिनील दिव्यांच्या पलंगावर झोपण्याआधी लावायचे असते. त्यात तेले आणि ओलावा धरणारी द्रव्ये असतात, काहींत रंगपेशींना कच्चा माल म्हणून टायरोसिन घातलेले असते (वरून चोळलेले टायरोसिन तिथवर पोहोचून रंग वाढवते याला भक्कम पुरावा नाही), काहींत कातडीकडे रक्त खेचून झिणझिण्या आणणारे घटक असतात. उन्हापासून वाचवणारे मात्र त्यात सहसा काही नसते, कारण किरण आत जाऊ देणे हाच त्याचा हेतू. रंग आणतो तो दिवा, लोशन फक्त कातडी कोरडी पडू देत नाही. ऑनलाइन दुकानांतून आपल्याकडे हीच बाटली कुणी मागवतो आणि दिव्याशिवाय लावून रंग का येत नाही म्हणून गच्चीवर दुपारच्या उन्हात झोपतो, तेव्हा त्याने दोन्हीकडचे तोटे एकत्र केलेले असतात. ठाण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य अगदी डोक्यावर येतो. शाळांमधून ‘शून्य सावली दिवस’ साजरा होतो तो हाच. एप्रिल-मेमधल्या दुपारी इथला अतिनील निर्देशांक ‘अत्यंत तीव्र’ या सर्वात वरच्या पट्टीत जातो. उघड्या गच्चीवर टॅनसाठी झोपायला याहून वाईट जागा शोधावी लागेल.

दिव्यांच्या पलंगांबद्दल विज्ञानात आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये त्यांना पहिल्या गटात, म्हणजे तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या पंगतीत बसवले. त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी घातली, पुढे ऑस्ट्रेलियाने व्यावसायिक सलून बंद केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश नाही. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत मेलॅनोमा हा कर्करोग गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी होतो, हे खरे. पण सुरकुत्या, डाग आणि वांग यांना वर्ण आडवा येत नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत वाढणारी भाची सुट्टीत आली आणि तिकडच्या मैत्रिणींसोबत सलूनला जाते असे म्हणाली, तर एवढे सांगायला हरकत नाही.

काही पालक विचारतात की मग रुग्णालयांत कोडासाठी आणि सोरायसिससाठी अतिनील दिव्यांची पेटी असते ती कशी चालते? ती औषधासारखी चालते. ठरावीक तरंगलांबी, सेकंदांत मोजलेली मात्रा, डोळ्यांवर चष्मा, प्रत्येक वेळी नोंद. बावचीचेही असेच. तिच्यातल्या सोरॅलेनमुळे कातडी उन्हाला अतिसंवेदनशील होते आणि कोडाच्या उपचारात तिचा उपयोग शतकानुशतके झाला आहे. तेच तेल काष्ठौषधींच्या दुकानातून आणून अंदाजाने चोळले आणि उन्हात उभे राहिले, तर दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे मोठे फोड येतात. लिंबाच्या रसानेही हेच होऊ शकते, ते त्याच कुळातल्या रसायनांमुळे. टॅन घालवायला लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना नेमके उलट फळ मिळते.

याहून खोल जाते ते इंजेक्शन. ‘मेलॅनोटॅन’ या नावाने समाजमाध्यमांवरून पूड विकली जाते. पाण्यात कालवायची आणि पोटाच्या कातडीत टोचायची. शरीर मेलॅनिन बनवायचा जो आदेश स्वतः देते, त्याची ही कृत्रिम नक्कल. रंगपेशींना ती सरसकट जागे करते, म्हणून जुने तीळ काळे पडतात, नवे उठतात, आणि त्यातला एखादा कर्करोगाचा तर नाही ना हे ओळखणे अवघड होते. मळमळ आणि रक्तदाबातले चढउतार नेहमीचे. तासन्‌तास न उतरणारा, शस्त्रक्रियेपर्यंत नेणारा लिंगाचा ताठरपणा आणि स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. टॅनसाठी हे इंजेक्शन कोणत्याही प्रमुख देशाने मान्य केलेले नाही. टॅनच्या गोळ्यांतल्या कॅन्थाझॅन्थिन या रंगाचे स्फटिक डोळ्यांच्या पडद्यावर साचतात. यात निवडायचे काही नाही, दोन्ही टाळायचे.

आता रस्ता ओलांडून पार्लरच्या बाजूला.

पार्लरमधल्या साध्या डी-टॅनमध्ये बहुधा दोन गोष्टी होतात. घासून मृत थराचा वरचा पापुद्रा निघतो आणि ब्लीचने चेहऱ्यावरची बारीक लव सोनेरी होते. लव फिकी झाली की चेहरा उजळ भासतो. खालचे मेलॅनिन आहे तिथेच असते. आग झाली नाही आणि अपेक्षा चार दिवसांपुरती असेल तर यातून फारसे बिघडत नाही. खरा टॅन उतरायला पेशींचे एक-दोन फेरे, म्हणजे काही आठवडे लागतात, आणि त्या काळात ऊन टाळले तर तो काही न लावताही उतरतो.

हे आठवडे कुणाकडे नसतात. लग्न पंधरवड्यावर आलेले असते. मग शेजारणीने, पार्लरवालीने किंवा औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याने सुचवलेली ट्यूब येते आणि आठ दिवसांत चेहरा लख्ख होतो. असा झटपट गुण येणारी ट्यूब हातात आली की मागे वळून तिच्यावरचे वाचावे. त्यात बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन असे ‘सोन’, ‘सोल’ किंवा ‘लोन’ने संपणारे नाव असेल, तर ते स्टेरॉईड आहे. (व्यायामशाळेत ज्या स्टेरॉईडची कुजबुज चालते ते निराळे. ते पुरुष संप्रेरकाच्या कुळातले, हे सूज दाबणाऱ्या कुळातले. नुकसान दोघेही करतात, आपापल्या पद्धतीने.) स्टेरॉईडने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि रंगपेशी मंदावतात, म्हणून चेहरा पांढुरका दिसतो. या मलमांची ताकद किती, हे मोजायची जुनी पद्धतच मुळी कातडी किती पांढरी पडते हे पाहण्याची आहे.

हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉईड यांचे एकत्र मलम क्लिगमन आणि विलिस यांनी अमेरिकेत १९७५ मध्ये मांडले. ते वांगासारख्या डागांसाठी होते, काही आठवड्यांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली. आपल्याकडे ते गोरेपणाची क्रीम म्हणून घराघरांत शिरले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या १२ केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. त्यांतल्या १२६ जणांनी ते गोरेपणासाठी किंवा दाढीनंतर लावले होते. दहापैकी नऊ जणांना दुष्परिणाम झाले होते. सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉईड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणले. चिठ्ठी मागणारे दुकानदारही आहेत. पण रिकामी ट्यूब दाखवून ‘हीच द्या’ म्हटले की काम होते, हेही सर्वांना ठाऊक आहे.

दोन-तीन महिन्यांनी काय होते ते सरकारी रुग्णालयांच्या त्वचा विभागात कोणत्याही सकाळी बाकावर बसलेले दिसते. कातडी कागदासारखी पातळ, गालांवर लाल जाळे, हनुवटीवर पुटकुळ्या, ओठांवर लव. ट्यूब बंद केली की चेहरा दोन दिवसांत लालभडक होऊन जळजळतो, म्हणून परत ट्यूब. या मुली बहुतेक विशीतल्या असतात आणि स्टॉलने चेहरा झाकून येतात. बरे होता येते, पण महिने लागतात आणि त्या महिन्यांत चेहरा आधी आणखी वाईट दिसतो. हे आधी सांगितले नाही तर रुग्ण दुसऱ्या भेटीला येत नाही, पुन्हा ट्यूबकडे जातो.

ज्या डबीवर घटकच लिहिलेले नसतात तिची भीती आणखी मोठी. पारा. तो मेलॅनिन बनवणारे विकर बंद पाडतो, म्हणून गोरेपणाच्या बेनामी क्रीममध्ये घातला जातो. कातडीतून तो रक्तात जातो, वाफेतून घरातल्या इतरांच्या श्वासात जातो आणि मूत्रपिंडात साचतो. अकोल्यातील एकाच घरातील तिघी, दोन बहिणी आणि त्यांची आई, स्थानिक क्रीम वापरत होत्या आणि तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांचे निदान झाले. त्या क्रीममध्ये पारा सापडला आणि २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी राज्यभर गेली. केरळमधील कोट्टक्कल येथे २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या १५ जणांत एक खास खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. लघवीला साबणासारखा फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज, ही लक्षणे असतील तर लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी करावी आणि डॉक्टरांना क्रीमची डबी दाखवावी. वेळीच क्रीम थांबवली तर बहुतेकांचे मूत्रपिंड सावरते. भारताच्या २०२० च्या प्रसाधन नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापलीकडे चालत नाही. संशयास्पद डबीची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ या क्रमांकावर करता येते.

आणि काही वेळा उतरवायला टॅन नसतोच. उन्हाचा टॅन ओळखायचा तर घड्याळाचा पट्टा काढून पाहावा. बाहीच्या, पट्ट्याच्या, चपलेच्या अंगठ्याच्या ठळक कडा दिसतात. मानेच्या मागे आणि काखेत मखमलीसारखी जाड, काळपट कातडी असेल तर तिथे ऊन कधी गेलेलेच नसते. आई ती वजरीने घासते, पार्लरवाली त्यावर दोन बैठका सुचवते. प्रत्यक्षात ती बहुतेकदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. त्या मुलाची किंवा मुलीची रक्तातली साखर आणि वजन पाहायला हवे, क्रीम नको. मान निम्मी अधिक उजळते ती कमरेचा घेर कमी झाल्यावर. गालांवर आणि वरच्या ओठावर दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले तपकिरी डाग हे वांग. त्याला खिडकीच्या काचेतून येणारे किरण आणि साधा प्रकाशही पुरतो, म्हणून तिथे लोहाच्या ऑक्साईडची झाक असलेले सनस्क्रीन अधिक उपयोगी. ते दोन बोटांच्या लांबीइतके, चेहरा आणि मान मिळून, घ्यावे लागते. वाटाण्याएवढ्या थेंबाने बाटलीवरचा एसपीएफ मिळत नाही. लोकलच्या फलाटावर उभे राहताना छत्री किंवा ओढणी हे त्याहून स्वस्त.

मंचामागे एक गोष्ट राहिली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कातडी पातळ दिसावी म्हणून अनेक जण पाणी तोडतात, काही लघवी वाढवणारी गोळी घेतात. मग कुणी मंचावरून उतरता उतरता पेटके येऊन कोसळतो आणि मित्र त्याला जवळच्या अपघात विभागात आणतात. तिथल्या डॉक्टरांसमोर नखशिखान्त तपकिरी रंगवलेला माणूस असतो. त्याचा पांढरटपणा, निळसरपणा, कावीळ काहीच कातडीवर दिसत नाही. बोटावर लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्रही रंगलेल्या नखावर फसू शकते. डॉक्टर जीभ आणि पापणीची आतली बाजू पाहतीलच. पण सोबतच्यांनी रंग कशाचा आहे, कधी लावला, पाणी कधीपासून बंद आहे आणि गोळी कोणती घेतली हे पहिल्या मिनिटात सांगावे, जमल्यास बाटली आणि गोळ्यांची पट्टी सोबत आणावी. स्पर्धेतून बाद होण्याच्या भीतीने गोळीचे नाव लपवले जाते, आणि रक्तातले पोटॅशियम किती हे कळेपर्यंत तासभर जातो.